जुन्या रंध्याला जाड पाते

लोखंडी रंध्याचे मूळ पाते साधारण दोन मिलिमीटर जाडीचे असते. त्याच्या जागी अडीच, तीन, क्वचित साडेतीन मिलिमीटरचे पाते बसवले की रंधा थरथरत नाही आणि उलट्या नसेचे लाकूडही गुळगुळीत निघते, असे मानले जाते. ते निम्मे खरे आहे. पाते कशावर टेकते, त्याच्या पुढे तोंडात किती जागा उरते आणि त्याला खाली-वर करणारी कळ त्याच्यापर्यंत पोचते की नाही, यावर उरलेले निम्मे अवलंबून आहे. सुताराच्या मापात तीन मिलिमीटर म्हणजे जवळजवळ एक सूत, इंचाचा आठवा भाग. दोनाचे तीन करणे ऐकायला किरकोळ वाटते. रंध्याच्या पोटात त्या एका मिलिमीटरला जागा मिळणे अवघड जाते.

पाते मुळात इतके पातळ का, याचे उत्तर अमेरिकेत सापडते. लोखंडी रंध्याचा आजचा घाट लिओनार्ड बेली या कारागिराने घडवला. पितळी चाकी फिरवून पाते खाली-वर करण्याची सोय आणि पातळ पात्यावर वक्र पट्टी, म्हणजे कॅप, दाबून बसवण्याची रीत १८५० आणि १८६० च्या दशकांतील त्याच्या पेटंटांतून आली. १८६९ मध्ये ते हक्क कनेक्टिकटमधील स्टॅन्ले रूल अँड लेव्हल कंपनीने घेतले आणि ४ नंबर, ५ नंबर ही नावे जगभर झाली. इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनीने १९३१ पासून रेकॉर्ड नावाने तसेच रंधे काढले. भारतात जालंधरकडच्या हातअवजारांच्या कारखान्यांनी हाच नमुना उचलला. या सगळ्यांत पाते जिच्यावर टेकते ती बैठक ४५ अंशांची आणि पाते दोन इंच रुंद. पातळ पात्याला पोलाद कमी लागते आणि धार लवकर लागते, हा बेलीचा हिशोब होता, आणि तो चुकीचा नव्हता. त्याआधीच्या लाकडी रंध्यांत, तसेच स्कॉटलंडच्या स्पायर्स आणि लंडनच्या नॉरिस या कारखान्यांच्या लोखंड-लाकूड मिश्र रंध्यांत चार-पाच मिलिमीटरची पातीच असत. म्हणजे जाड पाते ही नवी सुधारणा नाही. बेलीने जे बाजूला ठेवले ते पुन्हा आत आणण्याचा हा खटाटोप आहे.

हा खटाटोप का होतो, ते कोल्हापूरकडे पाहता येते. कागल तालुक्यातील बिद्री हे कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरचे गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखले जाते. या पट्ट्यातील सुतारकाम उसाच्या गाडीपासून घराच्या चौकटीपर्यंत पसरलेले. बांधावरची बाभूळ, पश्चिमेला राधानगरी-भुदरगडच्या डोंगराकडची जांभूळ, ऐन, फणस आणि विकत घेतलेले सागवान ही इथली लाकडे. गाडीच्या तुंब्याला आणि आऱ्यांना बाभूळ लागते. त्यात बरेचसे काम वाकसाचे आणि पटाशीचे. रंध्याची खरी परीक्षा चौकट, दारे आणि देव्हारा यांत होते. बाभळीची नस वीतभर लांबीत दोनदा दिशा बदलते. एका बाजूने रंधा चालवला की अर्धी फळी चकचकीत निघते आणि उरलेली अर्धी उचकटते. जाड पात्याची चौकशी होते ती अशा लाकडामुळे.

कोल्हापूर शहरात रंध्याचे दुसरे गिऱ्हाईक आहे, फौंड्रीचा पॅटर्नमेकर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार अशा कारागिरांनी इथे इंजिने आणि यंत्रे घडवली, त्यातून उद्यमनगर ही कारखान्यांची वसाहत उभी राहिली, आणि ओतकाम करायचे तर आधी लाकडाचा साचा-नमुना हवा. सागवानाचा तो नमुना वाळूतून अलगद सुटला पाहिजे. ओतीव लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून पॅटर्नमेकर तेवढी वाढीव मापाची पट्टी वापरतो. अर्ध्या मिलिमीटरचे उचकटलेले लाकूडही वाळूत उमटते आणि मग ओतलेल्या लोखंडावर दिसते. त्यामुळे चांगल्या रंध्याची कदर या धंद्यात फार जुनी आहे. पुढे इपॉक्सी, ॲल्युमिनियम आणि यंत्राने कोरलेले पॅटर्न आले, गावात प्लायवूड आणि विजेचा रंधा आला, आणि जुने ४ व ५ नंबर भंगारात निघू लागले. आज नव्या पात्याचा विचार होतो तो बहुधा असल्याच रंध्यांसाठी. लोखंड उत्तम, मूळ पाते मात्र घासून घासून खाचेपर्यंत संपलेले.

जाडीने फायदा किती, हे आधी तपासावे. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. दोनाचे अडीच केले तर तो जवळजवळ दुप्पट होतो, तीन केले तर तिपटीहून थोडा जास्त. आकडा मोठा आहे, पण तो मोकळ्या पट्टीचा. रंध्यात पाते मागून बैठकीवर टेकलेले आणि वरून कॅपने दाबलेले असते. मोकळा राहतो तो फक्त धारेजवळचा थोडा भाग. बैठक नीट असेल तर दोन मिलिमीटरचे पातेही बाभळीवर थरथरत नाही. बैठकीवर रंगाचा थर, गंज किंवा ओतकामाचा उंचवटा असेल, आणि पाते दोनच ठिकाणी टेकत असेल, तर तीन मिलिमीटरचे पातेही फळीवर बारीक लाटा उठवते. थरथर म्हणजे पातळ पाते हे समीकरण घाईचे आहे.

उचकटण्याचे कारण तर आणखी निराळे. यामागाता विद्यापीठातील कावाई आणि कातो या जपानी संशोधकांनी पाते व कॅप यांच्या कापण्याचे अगदी जवळून चित्रण केले. कॅपची कड धारेपासून एक ते तीन दशांश मिलिमीटरवर आणि तिचा पुढचा उतार चांगला उभा असेल, तर ढलपी लाकडातून उपटली जाण्याआधीच मोडून वर वळते, हे त्यात स्पष्ट दिसते. २०१२ च्या सुमारास ते चित्रण जगभरच्या सुतारांपर्यंत पोचले आणि उचकटण्यावर जाड पाते हाच इलाज मानणाऱ्यांचा जोर बराच ओसरला. कॅप धारेपासून दोन मिलिमीटर मागे ठेवून काम करण्याची सवय गावोगाव आहे. ती कड घासून सरळ केली, पात्याशी तिची फट बंद केली आणि पुढे सरकवली, तर बाभळीची फळी जुन्याच पात्याने साफ होते. याला खर्च शून्य. म्हणून नवे पाते घेण्याआधी हे करून पाहणे शहाणपणाचे.

तरीही पाते बदलावे लागते. संपलेले पाते, मऊ पडलेले पोलाद, गंजाचे खड्डे धारेपर्यंत आलेले, किंवा हलक्या प्रतीच्या नव्या रंध्यातले धार न धरणारे पाते, ही योग्य कारणे. पाते बदलायचेच, तर जाडीचा प्रश्न येतो, आणि पहिली अडचण येते तोंडाची.

या रंध्यात धारेचा उतार खालच्या बाजूला आणि पात्याची सपाट बाजू वर असते. धार त्या वरच्या सपाट बाजूच्या टोकाला येते. पात्याची पाठ बैठकीवर जिथल्या तिथे टेकलेली. जाडी वाढली की वरची बाजू पुढे सरकते. बैठक ४५ अंशांची असल्याने तळाच्या पातळीवर हे सरकणे वाढलेल्या जाडीच्या १.४ पट भरते. दोनाचे अडीच केल्यास धार ०.७ मिलिमीटर पुढे येते, तीन केल्यास १.४, साडेतीनला २.१. भंगारातून आणलेल्या ४ नंबरला फिलर गेजने मापून पाहावे. बैठक मागे घेऊन तिचा उतार तोंडाच्या मागच्या कडेच्या उताराशी एका सपाटीत आणायचा, जुने पाते बारीक ढलपीइतके बाहेर काढायचे आणि धार व तोंडाची पुढची कड यांतली फट मोजायची. समजा ती १.२ मिलिमीटर आली. अडीचच्या पात्यानंतर अर्धा मिलिमीटर उरेल. बारीक रंधकामाला ते उत्तम. तीनचे पाते मात्र तोंडाबाहेर येणारच नाही, कडेवर आपटेल. हे मोजमाप बाजारात जाण्याआधीचे आहे, आणि नेमके तेच बहुतेक जण नंतर करतात.

बैठक आणखी मागे घेतली तर, असा मोह होतो. तसे केले की पाते बैठकीवरून उचलले जाते आणि तोंडाच्या मागच्या कडेवर टेकते. वर एक आधार, खाली एक आधार, मधे पोकळी. ज्या थरथरीसाठी जाड पाते आणले तीच नव्याने सुरू होते.

दुसरा मार्ग तोंड कानसीने वाढवण्याचा. करता येतो, पण उलटा फिरवता येत नाही. घासायची ती पुढची कड. मागची कड पात्याच्या आधाराची, तिला हात लावायचा नाही. तळाला निळा रंग लावून गुण्याने कडेला समांतर रेघ ओढावी आणि एका बाजूने गुळगुळीत असलेली बारीक कानस घ्यावी, म्हणजे तोंडाचे कोपरे खाल्ले जात नाहीत. कानस किंचित पुढे कललेली धरावी. तोंड वरच्या बाजूला थोडे रुंद झाले तर ढलपी अडकत नाही, आणि तळाशी फट अरुंदच राहते. तीन-चार हात मारले की पाते बसवून पाहावे. वाइसमध्ये रंधा धरताना लाकडी जबडे हवेत आणि दाब तळाच्या जाड भागावर हवा. ओतीव लोखंडाच्या उभ्या भिंती वाइसने आवळल्या की चिरतात, आणि तोंडाशी चिरलेला रंधा झाळूनही पूर्वीसारखा सरळ राहत नाही.

दुसरी अडचण रंध्याच्या आत लपलेली असते आणि पाते बसवल्यावर कळते. पितळी चाकीच्या पुढे इंग्रजी वाय अक्षरासारखी एक कळ असते. तिचे टोक पात्याच्या लांब खाचेतून वर येऊन कॅपच्या चौकोनी भोकात शिरते. चाकी फिरली की कळ कॅपला ढकलते आणि कॅपबरोबर पाते जाते. पाते एक मिलिमीटरने जाड झाले की कळीचे टोक कॅपमध्ये तेवढेच कमी शिरते. अडीचला बहुतेक जुन्या रंध्यांत निभावते. तीनला टोक जेमतेम भोकाच्या काठाला लागते. चाकी फिरत राहते, पाते जागचे हलत नाही, मधेच झटका बसतो. साडेतीनला पोचतच नाही. परदेशी कारखाने जाड पात्याबरोबर जुळणारा कॅपही विकतात, तो याचसाठी. गावात हेच काम पितळी झाळीने होते. कळीची पिन ठोकून कळ सोडवायची, टोकावर पितळ चढवायचे आणि कानसीने मूळ आकारात आणायचे. जुनी कळ ओतीव लोखंडाची असेल तर तिथे आर्क वेल्डिंग नको, तडा जातो; पुढच्या काळातली पत्र्याची दुहेरी कळ जास्त सोशिक. कॅपचा स्क्रूही पाहावा. जाड पात्यातून जाताना त्याचे आटे थोडे कमी लागतात. स्क्रूचे टोक कॅपच्या वर आलेले असेल तर काळजी नाही. पाते आणि कॅप वरून दाबून धरणाऱ्या लिव्हर कॅपचा मधला स्क्रू एखादा फेरा सैल करावा लागतो, एवढेच.

खाचेची रुंदी हा तिसरा, छोटा पण त्रासदायक मुद्दा. पाते तिरके झाले तर सरळ करणाऱ्या बाजूच्या लिव्हरची गोल चकती त्या खाचेत फिरते. खाच अरुंद असेल तर चकती बसत नाही, रुंद असेल तर लिव्हर अर्धा फेरा रिकामा जातो. देशी रंध्यांत ही मापे कारखान्यागणिक बदलतात, म्हणून जुने पाते आणि चकती दोन्ही मापूनच नवे मागवावे.

बाजारात मिळणाऱ्या परदेशी पात्यांत रॉन हॉक यांच्या नावाचे पाते सुमारे २.४ मिलिमीटरचे आणि कॅनडाच्या व्हेरिटासचे सुमारे अडीचचे. दोघांनीही जुन्या स्टॅन्ले-रेकॉर्डमध्ये तोंड न घासता बसेल अशी जाडी धरली आहे, यातच बरेच काही आले. इंग्लंडच्या क्लिफ्टनचे आणि चिनी बनावटीचे पाते तीनचे. ते मूळ त्यांच्या स्वतःच्या रंध्यांसाठी, ज्यांचे तोंडच रुंद ओतलेले असते. जुन्या रंध्याला अडीचच्या पुढे जाण्यात मिळते कमी आणि मोडतोड जास्त, हे अनुभवी सुतारांचे मत हिशोबाशी जुळते.

परदेशी पाते मागवण्यापेक्षा कोल्हापुरातच बनवून घेणे शक्य आहे, आणि या भागापुरता हा पर्याय सर्वांत कमी चर्चेचा राहिला आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या टूलरूममध्ये डाय आणि पंच बनवायला ओएचएनएस नावाचे पोलाद रोज लागते. तेलात विझवले की फारसे न वाकणारे हे पोलाद आणि परदेशी पात्यांतले ओ-वन पोलाद एकाच जातीचे. पट्टी मापाची कापून, खाच आणि भोक मऊ असतानाच पाडून घ्यायचे. कडक झाल्यावर ड्रिल चालत नाही. मग ७९० ते ८१५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात उभे, धार खाली करून बुडवायचे. आडवे टाकलेले पाते केळ्यासारखे वाकते. नंतर १८० ते २०० अंशांवर पाणी उतरवले की रॉकवेल ६० च्या आसपास कडकपणा राहतो आणि धार कणाकणाने तुटत नाही. शेवटी सरफेस ग्राइंडरवर दोन्ही बाजू सपाट. इथे घाई केली तर पोलादावर निळसर डाग पडतो. त्या जागेचा कडकपणा गेला असे समजावे. ग्राइंडरवर जाडी हवी ती मिळते, त्यामुळे बाजारातल्या तीनच्या पात्याशी झगडण्याऐवजी आपल्या रंध्याच्या तोंडातून काढलेली २.३ किंवा २.५ ही जाडी थेट मागता येते.

एचसीएचसीआर हे जास्त क्रोमियमचे पोलाद झिजायला चिवट. सागवानात सिलिका असल्याने धार लवकर बोथटते, तिथे ते टिकते. पण साध्या ऑइलस्टोनवर त्याला धार लावणे म्हणजे अर्धा तास घालवणे. हाय-स्पीड पोलादाचे पॉवर हॅक्सॉचे जुने ब्लेड सुरीला छान, रंध्याला नाही. ते मुळातच दोन मिलिमीटरचे आणि खाच पाडायला महाकठीण. ट्रकच्या कमानपाट्याची पटाशी लोहार चांगली करतात, पण रंध्याच्या पात्याला त्या पोलादात कार्बन कमी पडतो.

जाडीची किंमत धार लावताना मोजावी लागते. पंचवीस अंशांच्या उताराची लांबी दोनच्या पात्याला ४.७ मिलिमीटर, तीनच्याला ७.१. दगडावर घासायचे पोलाद दीडपट झाले. जुन्या शेफिल्डच्या जाड पात्यांत हे जाणवत नसे, कारण तिथे मऊ लोखंडावर पोलादाचा पातळ थर जोडलेला असे आणि दगड बहुतांशी मऊ लोखंडच खात असे. सबंध पोलादाच्या जाड पात्याला म्हणून ग्राइंडरच्या चाकावर उताराचा मधला भाग पोकळ करून घेतात. मग दगडाला फक्त धार आणि टाच लागते.

लाकडी रंध्याची गोष्ट उलटी आहे. बाभळीच्या किंवा शिसमाच्या ठोकळ्याचा हा रंधा वर्षानुवर्षे तळ घासून सरळ केला जातो, आणि बैठक तिरकी असल्याने प्रत्येक घासणीबरोबर तोंड उघडत जाते. तिथे जाड पाते तोंड बंद करते, हा फायदाच. जाड पाते नसेल तर मागे चामड्याचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा घालण्याची रीत त्यातूनच आली. मात्र जुन्या लाकडी रंध्याचे पाते धारेकडे जाड आणि वर निमुळते असते, आणि पाचर त्या निमुळतेपणाला जुळवलेली. सारख्या जाडीचे नवे पाते घातले तर पाचर वरच आवळते, खाली धारेजवळ सैल राहते. पाते न बदलता पाचर बदलावी: खडू लावून कुठे टेकते ते पाहावे, तिथे रंधावे, आणि खालची दोन्ही टोके कॅपला शेवटपर्यंत चिकटतील असे करावे. टोकांशी केसाएवढी फट राहिली तरी ढलपी तिथे अडकते आणि तोंड चोंदते. ठोकळ्यातली खाच खोल करण्याचे कारण सहसा पडत नाही.

एका हाताच्या छोट्या ब्लॉक प्लेनमध्ये उतार वरच्या बाजूला असतो आणि धार पात्याच्या खालच्या, बैठकीवर टेकलेल्या बाजूला येते. त्यामुळे जाडी कितीही वाढली तरी धार तोंडात पुढे सरकत नाही. तिथे पाहायचे ते एवढेच की पात्याच्या खालच्या आडव्या खाचा खाली-वर करणाऱ्या कळीत बसतात आणि वरची टोपी लागते. गोल कड काढणाऱ्या लोखंडी स्पोकशेव्हला मात्र सहसा तोंड बदलण्याची सोय नसते आणि त्याचे मूळ पाते अरुंद तोंडात जेमतेम मावलेले असते. जाड पाते घालायचे झाल्यास तिथे कानसीवाचून पर्याय नाही, आणि कड पातळ असल्याने दोन-तीन दशांश मिलिमीटरपलीकडे जाऊ नये.